दाणे टाकणारा हात

परसात कोंबड्या असलेल्या माणसाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. गावाकडचा पाहुणा विचारतो, "अंडी किती देत्यात?" नाशकाहून, मुंबईहून आलेला विचारतो, "हिला तुम्ही खाणार का?"

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. गावरान कोंबडी वर्षाला ५०-६० अंडी देते, तीही टप्प्याटप्प्यानं. दहा-पंधरा अंडी झाली की खुडूक होऊन बसते. खाण्याला फार पडत नाही, उकिरड्यावर आपलं आपण शोधते. एवढं सांगितलं की पाहुण्याचं समाधान होतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याहून लहान आहे. "हो." पण ते ऐकल्यावर विचारणाऱ्याचा चेहरा बदलतो. जिला रोज सकाळी दाणे टाकता, जी तुमच्या पायात पायात येते, तिचीच मान? त्याला वाटतं, यात कुठंतरी दगाफटका आहे. आणि खरं सांगायचं तर मलाही बरीच वर्षं तसं वाटत आलंय. दगा कुठं होतो आणि कुठं होत नाही, एवढंच मला इथं जमेल तसं मांडायचं आहे.

आपल्या भाषेत 'पाळणं' हा शब्द मोठा विचित्र आहे. आपण कोंबडी पाळतो, गाय पाळतो. शब्दही पाळतो. पथ्य पाळतो, उपास पाळतो, सुतक पाळतो. एकीकडं जनावराला खाऊ घालून सांभाळणं, दुसरीकडं स्वतःवर बंधन घालून घेणं. दोन्हीला शब्द एकच. लहानपणी यात काही वाटत नव्हतं. आता वाटतं, ज्यानं कुणी हा शब्द दोन्हीकडं वापरायला सुरुवात केली, त्याच्या दारात नक्की चार कोंबड्या असणार.

आमचं गाव दिंडोरी तालुक्यातलं, कादवेच्या खोऱ्यातलं. आता तिथं द्राक्षबागा आहेत, पण माझ्या लहानपणी बाजरी, भुईमूग, थोडा ऊस असं सगळं होतं. घरामागं परस, परसात चुलीच्या सरपणाला लागून खुराडं. खाली दगड, वर माती लिंपलेलं, तोंडाला फळी आणि फळीला टेका म्हणून जात्याचा फुटका तळ. कोंबड्या आजीच्या. घरातली जमीन आजोबांची, बैल आजोबांचे, म्हशीचं दूध डेअरीला जायचं ते पैसेही आजोबांच्या हातात. कोंबडी मात्र आजीची. अंडी विकून आलेला पैसा तिच्या कनवटीला जायचा आणि त्याचा हिशेब तिला कुणी विचारत नव्हतं. वह्यापुस्तकं, जत्रेतल्या बांगड्या, माहेरी जायचं एसटीचं भाडं हे सगळं त्यातून. आमच्या भागात अजूनही बऱ्याच घरांत असंच आहे. घर गहाण पडलं तरी कोंबडीचा पैसा बाईचा.

आजीनं कोंबड्यांना नावं कधी ठेवली नाहीत. काबरी, तांबडी, उघड्या मानेची, शेंडीवाली अशा खुणा तेवढ्या. पण प्रत्येकीचा स्वभाव तिला ठाऊक. काबरी अंडं घालायला मुद्दाम शेजारच्या वैरणीत जाणार, हे ठाऊक. उघड्या मानेची दाणे टाकले की आधी सगळ्यांना टोचून बाजूला करणार आणि मग खाणार, हेही ठाऊक. या टोचण्यात एक उतरंड असते. एक सगळ्यांना टोचते, दुसरी तिला सोडून बाकीच्यांना, आणि शेवटची बिचारी कुणालाच नाही. थोरलेफ श्येल्डेरूप-एब्बे नावाच्या नॉर्वेजियन माणसानं लहानपणापासून आपल्या घरच्या कोंबड्या बघून १९२१ साली यावर प्रबंध लिहिला, आणि जगातल्या विद्वानांना ही उतरंड कळली. आजीला ती आधीपासून ठाऊक होती. म्हणून ती दाणे एका जागी न टाकता लांबवर फेकायची. शेवटच्या कोंबडीपर्यंत काही तरी पोचलं पाहिजे ना.

खुडूक कोंबडी बसवायची तर तिची तऱ्हाच वेगळी. पाटीत भुसा आणि थोडी राख, वर अंडी. अंडी विषम मोजायची, ११ नाहीतर १३. विजांचा कडकडाट झाला तर अंडी बाद होतात म्हणून पाटीत लोखंडाचा एक तुकडा. त्यात शास्त्र किती ते सोडा. पण २१ दिवस ती कोंबडी जे करते ते बघण्यासारखं असतं. दिवसातून एकदा उठते, धावतपळत पाणी पिते, चार दाणे टिपते, पुन्हा जागेवर. अंगातलं मांस झडतं, तुरा फिका पडतो. गिरिराजा, वनराजा या बंगळूर-हैदराबादच्या सुधारित जाती आल्या, वजनाला चांगल्या, अंड्यालाही बऱ्या. पण वनराजा खुडूक होत नाही. तिची अंडी उबवायला गावरान कोंबडीच लागते. आमच्याकडं शेजारणीची अंडी आपल्या कोंबडीखाली ठेवायची आणि पिल्लं निम्मी-निम्मी करायची, असा व्यवहार चालायचा. कागद नाही, साक्षीदार नाही. पाटीत कुणाची अंडी किती हे दोघींच्या ध्यानात असायचं.

पिल्लं निघाली की काळजी सुरू. वर घार, खाली मुंगूस, रात्री रानमांजर. आता तर उसातून, बागांतून बिबट्या फिरतो. तो कुत्र्यावर, शेळीवर असतो, पण कोंबडीलाही नाही म्हणत नाही. शिवाय शेजाऱ्याचं रोप. आपल्या कोंबड्यांनी कुणाच्या कांद्याच्या उळ्याचे वाफे उकरले की झालं भांडण, आणि त्यात चूक नेहमी कोंबडीवाल्याचीच. कोंबडीला बांध कळत नाही, मालकाला कळायला पाहिजे. बागेत फवारणी असली की दिवसभर कोंबड्या डालग्याखाली झाकून ठेवायच्या. मे महिन्यात चोच उघडी टाकून धापा टाकायला लागल्या की सावलीत पाणी शिंपायचं.

आणि या सगळ्यावर मानमोडी. मान वाकडी होते, हिरवट हगवण लागते, आणि तीन-चार दिवसांत खुराडं रिकामं. रानीखेत म्हणतात तो हाच रोग. गेल्या शतकाच्या विशीत इंग्लंडात न्यूकॅसलला आणि त्याच सुमारास आपल्याकडं हिमालयातल्या रानीखेतला तो ओळखला गेला, म्हणून एकाच रोगाला दोन गावांची नावं पडली. त्याला लस आहे. पिल्लू आठवड्याचं व्हायच्या आत डोळ्यात लासोटाचा एक थेंब, आणि दोनेक महिन्यांचं झालं की टोचणी. पण कुपी असते शंभर पाखरांची आणि आपल्या दारात असतात बारा. एकदा कुपी कालवली की दोन-तीन तासांत संपवावी लागते, उद्यावर ठेवता येत नाही. म्हणजे आपल्या बारा वाचवायच्या तर गल्लीतल्या शंभर एका सकाळी गोळा झाल्या पाहिजेत. जिच्याशी दोन महिने बोलणं नाही तिच्याही दारात जाऊन सांगावं लागतं, "लस आणलीये, तुमची पाखरं सोडू नका सकाळी." एकट्यानं कोंबडी पाळता येत नाही. हे मला पुस्तकानं नाही, त्या कुपीनं शिकवलं.

संध्याकाळी दिवेलागणीला कोंबड्या आपोआप परत येतात. तेव्हा मोजायच्या. हे काम आजोबांकडं. आजोबा माळकरी. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांच्या यात्रेला पायी जाणारे. मांस सोडा, अंडं शिजलेल्या भांड्यात पाणी प्यायचे नाहीत. पण कोंबड्या मोजल्याशिवाय जेवायला बसत नसत. एक कमी भरली की कंदील घेऊन वैरणीत, गोठ्यात, बांधावर शोधत फिरायचे. घरात कोंबडी कापली जाणार असली की त्या दिवशी देवळात जाऊन बसायचे. आजीला काही म्हणायचे नाहीत, पण मोजायचंही थांबवायचे नाहीत.

कापायची कधी आणि कशी, याची आजीची तीन पथ्यं होती. तिनं ती कधी अशी एक-दोन-तीन करून सांगितली नाहीत. चुकलं की ओरडायची, त्यावरून आम्हाला कळलं.

पहिलं, खुडूक बसलेली किंवा मागं पिल्लं असलेली कोंबडी कापायची नाही. जावई येवो की सरपंच येवो. एकदा काकांनी मोठ्या पाहुण्यासाठी तांबडीवर नजर ठेवली, तर आजी म्हणाली, "तिच्या मागं सात जीव हायेत. पाहुण्याला पिठलं घाल." पाहुण्यानं पिठलं खाल्लं.

दुसरं, खुराड्यात हात घालून काढायची नाही. कोंबडी धरायची सगळ्यात सोपी वेळ रात्रीची. अंधारात तिला दिसत नाही, ती हलत नाही, हात घातला की आली. सगळं गाव तसंच करतं. आजी करू द्यायची नाही. "ती आपल्या भरवशावर आत आलीया," एवढंच म्हणायची.

तिसरं पथ्य सगळ्यात अवघड. दाणे टाकून धरायची नाही. "टी टी टी" अशी हाक मारून, मूठभर बाजरी टाकून, जवळ आली की डालगं घालायचं, हे पोरांना सहज सुचतं. आजीला ते अजिबात खपत नसे. ज्या हाकेवर ती जेवायला येते, त्या हाकेवर तिला मरायला बोलवायचं नाही. धरायची तर दिवसाउजेडी पळून धरा. मग आम्ही पोरं घामाघूम होईपर्यंत परसातून, बांधावरून, बाभळीखालून पळायचो. कधीकधी कोंबडी हातावर तुरी देऊन आंब्यावर जाऊन बसायची, आणि त्या दिवशी घरात खरंच पिठलं व्हायचं.

पुढं कधीतरी बर्ट्रांड रसेल यांचं 'द प्रॉब्लेम्स ऑफ फिलॉसॉफी' हे १९१२ सालचं पुस्तक वाचनात आलं. त्यात एक कोंबडी आहे. माणूस तिला रोज दाणे टाकतो. रोज टाकतो म्हणून उद्याही टाकेल, असं तिला वाटतं. एक दिवस तोच माणूस तिची मान पिरगाळतो. रसेल यांना यातून दाखवायचं होतं ते असं, की काल झालं म्हणून उद्या होईलच असं धरून चालणं किती कच्चं असतं. मुद्दा बरोबर आहे. पण वाचताना मला वाटलं, इथं परीक्षा होते ती कोंबडीच्या अकलेची. त्या माणसाचं काय? कोंबडीचा अंदाज चुकला हे खरं. पण तो अंदाज तिच्या मनात बसवला कुणी? रोज सकाळी त्याच वेळेला, त्याच हाताने, तीच हाक मारून?

आजीनं रसेल वाचला नव्हता, पण तिची तीनही पथ्यं या माणसाला उद्देशून होती. त्यांचा अर्थ मला असा लागतो. 'मी तुला मारणार नाही' असा शब्द तिनं कोंबडीला कधी दिला नव्हता. तो शब्द तिला पाळता आला नसता आणि न पाळता येणारा शब्द ती देत नसे. तिनं दिलेले शब्द लहान होते. खुराड्यात तुला धोका नाही. दाण्याच्या हाकेत कपट नाही. पिल्लांमागं असताना तुला हात नाही. एवढे तीन. बाकी उघड होतं. दिवसाउजेडी मी तुझ्यामागं पळेन, तू पळ. दगा हा मारण्यात नसतो, दिलेला भरवसा मारण्यासाठी वापरण्यात असतो, असं तिचं म्हणणं मी माझ्या शब्दांत मांडेन.

आजोबांना हे पटत नव्हतं. एकदा ओट्यावर बसून दोघांचं बोलणं झालं ते मला आठवतं. आजोबा म्हणाले, "पळून धरली काय अन् बोलवून धरली काय. जीव गेला तो गेलाच की." आजी म्हणाली, "अहो, निम्मी पिल्लं कोंबडे निघत्यात. धा कोंबडे दारात ठिवले तर एकमेकांचे डोळे फोडतील. तुमच्या म्हशीला टोणगा झाला तो कुठं गेला? बाजारातच ना? दूध तर तुम्ही प्याला." आजोबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मी सुटलो असं कुठं म्हणतोय? जेवढं सुटतं तेवढं सोडतो." या वादात कोण जिंकलं हे मला आजही सांगता येत नाही. आजोबांचं म्हणणं आजीच्या पथ्यांनी खोडलं जात नाही. गोडीनं मारलं तरी मारलंच. पण आजोबा मोजायचे आणि आजी पथ्यं पाळायची, आणि या दोघांच्या मधल्या जागेत आमच्या कोंबड्या जगल्या, हेही खरं.

या पथ्यांची खरी परीक्षा मात्र आमच्या परसात झाली नाही. ती झाली आत्याच्या दारात, २००६ साली.

आत्या म्हणजे आजीची लेक. ती दिलेली नवापूरकडं, नंदुरबार जिल्ह्यात. नवापूरचं रेल्वे स्टेशन निम्मं महाराष्ट्रात, निम्मं गुजरातमध्ये आहे, म्हणून पुष्कळांना ठाऊक असतं. २००६च्या फेब्रुवारीत ते वेगळ्याच कारणानं देशभर गाजलं. तिथल्या मोठ्या पोल्ट्र्यांमध्ये कोंबड्या मरायला लागल्या, नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि १८ फेब्रुवारीला जाहीर झालं की हा बर्ड फ्लू, एच५एन१. देशातली ती पहिली नोंद. लागलीच आजूबाजूच्या परिघातली सगळी पाखरं मारायचा निर्णय झाला. शेडमधली तर मारलीच, पण दारातलीही. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या गावांत तोच प्रकार, तिथं तर मुख्यतः घरगुती कोंबड्याच. पांढरे अंगरखे, तोंडाला मास्क, हातात मोजे घातलेली माणसं गल्लोगल्ली फिरली.

आत्याकडं चौदा कोंबड्या होत्या, सगळ्या धडधाकट. पथकातली पोरं चांगली होती, ती कुणावर ओरडली नाहीत. पण अंगभर अंगरखा घालून गावरान कोंबडी धरणं हे काही सोपं काम नव्हे. दोन कौलावर गेल्या, तीन कुपाटीत शिरल्या. दुपार व्हायला आली. पुढची घरं वाट बघत होती. एक पोरगा धापा टाकत म्हणाला, "मावशी, तुम्ही बोलवा ना."

आत्या आजीच्या हाताखाली वाढलेली. तिन्ही पथ्यं अंगात मुरलेली. तिनं घरात जाऊन ओंजळभर ज्वारी आणली आणि अंगणात उभं राहून हाक मारली, "टी टी टी." कौलावरच्या उतरल्या, कुपाटीतल्या निघाल्या. सगळ्या पायाशी गोळा झाल्या. तेराच्या तेरा.

पोरं पोती आवळून निघाली तेव्हा आत्या म्हणाली, "थांबा. एक आत आहे." कणगीमागं पाटीत एक खुडूक बसली होती, अकरा अंड्यांवर. ती कुणाला सापडली नसती. आत्यानं स्वतः ती उचलून आणून दिली.

हे तिनं आम्हाला पुढं वर्षभरानं सांगितलं, तेही सलग नाही. मी विचारलं, "आत्या, शेवटची कशाला दिलीस? कुणाला कळलं असतं?" ती म्हणाली, "शेजारी सव्वा महिन्याची बाळंतीण होती. तिच्या लेकराला काही झालं असतं तर मी कुणाला तोंड दाखवलं असतं?"

त्या साथीत आपल्याकडं माणसाला लागण झाल्याचं निष्पन्न झालं नाही. मग काही जण म्हणाले, उगाच मारल्या. मला तसं वाटत नाही. आग लागेल म्हणून गंजीतली कडबा-वैरण बाजूला काढली आणि आग लागली नाही, तर वैरण हलवणारा मूर्ख ठरत नाही. त्या दिवशी जे ठाऊक होतं त्यावरून माणूस वागतो. २००८ साली पश्चिम बंगालमध्ये हीच साथ आली तेव्हा कितीतरी गरीब घरांनी कोंबड्या लपवल्या, पथकांना अडवलं. त्यांनाही मी नावं ठेवणार नाही. भरपाईच्या कागदावर कोंबडी म्हणजे एक नग असते. तिच्याखालची अंडी, पुढच्या वर्षीची पिल्लं, त्यातून यायची पोराची फी, बाईचा एकुलता एक स्वतःचा पैसा हे त्या कागदावर मावत नाही. जिचं एवढं जाणार तिला परिघ समजावून सांगणं सोपं नसतं.

पण आत्याचं काय? तिनं बरोबर केलं की चूक? माझ्या मते बरोबर केलं. आजीची पथ्यं घरापुरती होती. घराच्या वर गल्ली आहे, गल्लीत बाळंतीण आहे. लसीच्या कुपीसाठी शंभर पाखरं गोळा करायला निघालेल्या बाईला हे आधीच कळलेलं असतं, की आपल्या दारातली कोंबडी नुसती आपली नसते. कोंबडीला दिलेला शब्द आणि शेजाऱ्याला न बोलता दिलेला शब्द यांची गाठ पडली तर शेजाऱ्याचा मोठा. यात मला शंका नाही.

तरीही गोष्ट तिथं संपत नाही. आपली एक सवय असते, एखादी गोष्ट बरोबर ठरली की तिचा भार उतरला असं समजायचं. बरोबर केलंस ना, मग रडतेस कशाला? आत्याला गावानं हेच विचारलं. पण आपल्याच रीतीभातीत याचं उत्तर आहे. घरात कुणी म्हातारपणी, आजारानं गेलं, त्यात कुणाचा काही दोष नसला, तरी आपण सुतक पाळतो. सुतक म्हणजे काही शिक्षा नव्हे. जे गेलं ते गेल्यासारखं वागायचं, एवढाच त्याचा अर्थ. आत्यानं पुढची दोन वर्षं कोंबडी पाळली नाही. सासरच्यांनी पिल्लं आणून दिली तीही परत केली. तिसऱ्या वर्षी तिनं चार तलंगा घेतल्या. पण हाक बदलली. आता ती पितळीवर चमचा वाजवते. 'टी टी टी' तिच्या दारात पुन्हा कधी ऐकू आलं नाही. २०२१च्या फेब्रुवारीत नवापूरला पुन्हा बर्ड फ्लू आला, पुन्हा पथकं फिरली, पुन्हा लाखो पाखरं गेली. या वेळी आत्याचं गाव परिघाबाहेर राहिलं. पितळी वाजत राहिली.

इथं कुणी म्हणेल, हे सगळं चार कोंबड्यांचं कौतुक झालं. देशाचं पोट यावर भरत नाही. खरं आहे. २०१९च्या विसाव्या पशुगणनेत देशात ८५ कोटींवर पाखरं मोजली गेली, त्यातली सुमारे ३१ कोटी ७० लाख परसातली. म्हणजे आकडा लहान नाही, पण बाजारात येणारं बहुतेक मांस आणि अंडी शेडमधूनच येतात. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत कापायला तयार होतो. पिंजऱ्यातल्या अंड्याच्या कोंबडीला बहुतेक ठिकाणी कागदाच्या एका ताव्याएवढीही जागा मिळत नाही, आणि तिच्यातून खुडूक होणं पिढ्यान् पिढ्या निवड करून काढून टाकलेलं असतं. तिचे भाऊ, म्हणजे अंड्याच्या जातीचे नर, जन्मल्या दिवशीच मारले जातात. जर्मनीनं २०२२पासून त्याला कायद्यानं बंदी केली, बाकी जग बहुतेक तसंच चाललंय.

यावरून शहरातल्या माणसाला टोमणे मारायचे नाहीत. आमच्याच जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याच्या अंगणवाडीत अमृत आहार योजनेतून पोरांच्या ताटात पडणारं अंडं कुठल्या ना कुठल्या पिंजऱ्यातूनच आलेलं असणार, आणि ते पोराच्या ताटातून काढून घ्यावं असं म्हणायची माझी छाती नाही. नाशिक जिल्ह्यात शेकडो शेतकऱ्यांचं घर करारावरच्या ब्रॉयलर शेडवर चालतं. तेही रात्री उठून पाखरांना हवा लागते का बघतात, पाणी बघतात.

मला फक्त एवढंच म्हणायचंय, की पिंजऱ्यातल्या कोंबडीला कुणी हाक मारलेली नसते, म्हणून तिच्याशी कुणी दगा करत नाही, आणि म्हणून तो व्यवहार जास्त स्वच्छ आहे असं वाटतं. तसं नाही. तिथं शब्द मोडला जात नाही, कारण शब्द दिलाच जात नाही. दाणे यंत्र टाकतं, पाणी नळीतून येतं, मान दुसऱ्या गावात कापली जाते, आणि आपल्या हातात येते ती पिशवी. हात प्रत्येकाचा असतो, दिसत मात्र कुणाचाच नाही. 'हिला तुम्ही खाणार का?' हा प्रश्न दारातल्या कोंबडीबद्दल विचारला जातो, कारण तिथं हात दिसतो. प्रश्न चांगला आहे. तो पिशवी घेतानाही विचारावा, एवढंच.

आता परस माझ्याकडं आहे. आठ कोंबड्या, दोन कोंबडे. शेजारी बाग, म्हणून फवारणीच्या दिवशी डालगी. महिन्या-दोन महिन्याला एखादी कापली जाते, आणि आजोबांचं बोलणं आठवत नाही असं कधी होत नाही. आठवावं असंच मला वाटतं. आजीच्या पथ्यांनी माझा हात निर्दोष होत नाही. मी सुटलो असं मीही म्हणत नाही. पण पथ्यांमुळे एक होतं, माझ्या बाजूनं काय द्यायचंय ते मला रोज कळतं. रोज मोजायचं, लसीला शेजार गोळा करायचा, उळ्यापासून राखायचं, खुराड्यात हात घालायचा नाही, हाक खोटी पाडायची नाही. आणि गल्लीतल्या बाळंतिणीसाठी ती हाक मोडायची वेळ आलीच, तर मोडायची, आणि त्यानंतर काही काळ गप्प बसायचं.

माझा नातू परवा म्हणाला, "आजोबा, दाणे टाकून धरली तर दोन मिनटांत सापडेल." त्याचं म्हणणं बरोबरच होतं. मी त्याला म्हटलं, "पळ."